टिपणीस सरांची शेवटची वही

१

तिसऱ्या फळीवर सव्वीस वह्या असायच्या. आज पंचवीस होत्या. प्रोफेसर टिपणिसांची शेवटची, १९३१ सालची वही जागेवर नव्हती, आणि ती जिथं उभी असायची तिथं कपाटाच्या पाठीचं लाकूड उघडं पडलं होतं.

"बुधवारी मी स्वतः धूळ पुसली, तेव्हा होती," त्यांच्या पत्नी अंबाबाई म्हणाल्या. बाजारातून काय आणायचं ते सांगावं इतक्या सपाट आवाजात.

अबूबकर नजे स्टुलावर बसून दुखरा गुडघा चोळत होते. तीस वर्षं पोलिसांत काढून खालापूरचे फौजदार म्हणून त्यांनी पेन्शन घेतली, त्या दिवशी बायकोला, तय्यबाला, शब्द दिला होता की आता कुणाच्या कपाटात डोकावणार नाही. तो शब्द आज सकाळी मोडला. चौक गावाहून कर्जतला येणारी सर्व्हिस मोटार दोनदा चिखलात रुतली, दोन्ही वेळा उतारूंनी ती ढकलून काढली, आणि ढकलणाऱ्यांत साठी उलटलेले नजेही होते. दहिवलीच्या या बंगल्यात पाऊल टाकलं तेव्हाच ते दमून गेले होते.

पण येणं भाग होतं. टिपणीस हे मुंबईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. नोकरी लवकर सोडून ते दहिवलीला येऊन राहिले आणि जवळच्या कोंडाणे गावच्या डोंगरात झाडपाला धुंडाळत हिंडले. सगळं वहीत टिपायचं, तेही मराठीत, अशी त्यांची रीत. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात तापानं गेले. त्यांच्यामागं अंबाबाईंनी माहेरची आमराई विकली, जुन्या विद्यार्थ्यांनी आपापली भर घातली आणि टिपणीस स्मरण निधी उभा राहिला. दर दोन वर्षांनी एका बाईला संशोधनासाठी बंगळूरला पाठवायचं, एवढंच त्याचं काम. विश्वस्त तिघं. अंबाबाई, मुंबईचे प्राध्यापक कर्णिक, आणि नजे. नजेंना नेचा आणि भेंडी यांतला फरक सांगता आला नसता, पण टिपणीस त्यांच्याशी वीस वर्षं बुद्धिबळ खेळले होते आणि बहुतेक हरले होते. दोस्ताच्या नावाचं काम, म्हणून नजे हो म्हणाले होते.

पहिली निवड उद्या व्हायची होती. अर्ज दोनच. त्यातला एक कर्जतच्या मुलींच्या शाळेतल्या गोदा ठोंबरे या मास्तरणीचा.

"गोदाबाईंनी अर्जाबरोबर जो निबंध जोडलाय तो चोरीचा आहे," कर्णिक म्हणाले. चाळिशीचे, सडसडीत, कोटाची सगळी बटणं लावलेले. "त्यांनी नवी म्हणून जी वनस्पती वर्णन केलीय, ती सरांनी शोधली. सरांचं टिपण ते गेल्यावर छापून आलंय. या वहीत त्याची मूळ नोंद असणार. मी चार दिवसांपूर्वी वहिनींना पत्र टाकलं की वही काढून ठेवा. आज येऊन बघतो तर वही नाही. गोदाबाई गुरुवारी इथं येऊन गेल्या. आता यावर मी काय बोलू?"

"कपाटाला कुलूप नव्हतं?"

"या दाराला कुलपाची गरजच नाही," कर्णिक वैतागून म्हणाले.

ते खरं होतं. पावसानं फुगलेलं सागवानी दार कर्णिकांनी मघाशी नजेंच्या देखत तीनदा ओढलं होतं, ते हललं नव्हतं. मग अंबाबाई पुढं झाल्या, खालून गुडघा दिला, मूठ वर उचलली, आणि दार मुकाट उघडलं.

"उद्या दुपारच्या गाडीनं मी परत जाणार," कर्णिक म्हणाले. "तोवर वही मिळाली नाही तर गोदाबाईंचा अर्ज रद्द. आणि शाळेच्या कमिटीला मी पत्र लिहिणार. चोर बाईच्या हाती मुली देणं मला पटत नाही."

नजेंनी मान हलवली. म्हणजे एका वहीपायी बंगळूरही जाणार होतं आणि नोकरीही.

२

व्हरांड्यात चहा आला. पाऊस उघडला होता, पण हवा अशी ओली होती की विडी पेटेना.

"कर्णिकसाहेब, दुसरा अर्ज कुणाचा?" नजेंनी विचारलं.

कर्णिकांनी कप खाली ठेवला. "माझ्या पुतणीचा. हे तुमच्या कानावर येणारच होतं. ती एम. एस्सी. आहे आणि तिची लायकी आहे. पण फौजदारसाहेब, मी वही पळवली असती तर ती मागितली कशाला असती? ती वही सापडण्यात माझा फायदा आहे."

"तुम्ही आज किती वाजता आलात?"

"साडेआठच्या गाडीनं. तेव्हापासून वहिनी माझ्यासमोर आहेत."

नजेंना हा माणूस आवडला नाही, आणि न आवडणाऱ्या माणसावर आळ घ्यायचा मोह तीस वर्षांत त्यांना फार वेळा झाला होता. तो त्यांनी बाजूला सारला. "ते छापील टिपण दाखवा."

टिपण इंग्रजीत होतं. कर्णिकांनी त्यातली एक ओळ मराठीत सांगितली. वनस्पती कोंडाण्याच्या लेण्यांवरच्या उतारावर, दिनांक २ जुलै १९३१ रोजी मिळाली, आणणारा पोशा ठाकर. कपाटातल्या वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावरही हीच तारीख आणि हेच नाव, खुद्द सरांच्या अक्षरात.

गोदाचा निबंध मराठीत होता. त्यात लिहिलं होतं: "दिनांक १२ जुलै १९३१, रविवार. लेण्यांवरच्या उतारावर दगडाच्या फटीत कवळी या रानभाजीच्या जातीचे परंतु निराळे झुडूप दिसले. पाने स्पर्शाने मिटतात. मी स्वतः खुरप्याने मुळासकट काढले."

"बघा," कर्णिक म्हणाले. "जागा एक, झुडूप एक. सरांना दहा दिवस आधी मिळालं होतं. ती या घरात रोज येत होती, नमुना बघितला असणार आणि मनानं तारीख घातली असणार. तिला काय माहीत, सर मरणापूर्वी टिपण धाडून गेलेत ते?"

बोलणं बिनतोड होतं. नजे दोन्ही कागद घेऊन पुन्हा आतल्या खोलीत गेले. अंबाबाई शेगडीशी बसल्या होत्या. निखाऱ्यांच्या भोवती टिपकागद पसरले होते आणि त्या एकेक कागद उलटत होत्या. कोपऱ्यात टिपणिसांचा जुना दाब होता. दोन फळ्या, मध्ये कागदांची चळत, दोराचे करकचून चार वेढे आणि वर वजनाला पाटा. झाडांचे नमुने यातच दाबून वाळवायचे. नजेंनी हा दाब वीस वर्षं पाहिला होता. या घराचं ते देवघरच म्हणायचं.

"अजून चालू ठेवलंय हे, वहिनी?"

"दमट हवा आहे. कागद बदलावे लागतात," अंबाबाई म्हणाल्या आणि शेगडीकडे बघत राहिल्या. गेल्या दोन वर्षांत ही बाई पुष्कळ वाळली होती. "अबूबकरभाई, त्या पोरीला बोलू नका फार. तिनं नेली नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

अंबाबाईंनी पदरानं कपाळ टिपलं आणि पुढचा कागद उलटला.

३

शाळा सुटायची वेळ झाली होती. ओल्या फ्रॉकांच्या आणि परकरांच्या घोळक्यातून वाट काढत नजे वर्गात गेले. गोदा फळा पुसत होती. सव्वीस-सत्तावीसची, काळीसावळी, बोटांना खडू. बाप रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन होता. तो होता तोवर ती इंटर सायन्सपर्यंत शिकली, तो गेला आणि ती आईला सांभाळायला कर्जतला परतली. लग्न केलं नाही म्हणून गावात नावं ठेवणारेही होते.

नजेंना उगाच आपली आसिया आठवली. चौथीत पहिली आली होती पोरगी, आणि त्यांनीच तिची शाळा बंद केली. आता ती पनवेलला चार मुलांची आई आहे आणि बापाशी नीट बोलते, कधी तक्रार करत नाही. त्याचंच त्यांना वाईट वाटायचं.

"काका, बसा," गोदानं खुर्ची पुढं केली. "तुम्ही का आलात ते मला कळलंय. कर्णिकांनी हेडबाईंना सकाळीच चिठ्ठी धाडलीय."

"गुरुवारी गेली होतीस बंगल्यावर?"

"निबंधाची एक प्रत काकूंना द्यायची होती. आतल्या खोलीत गेले. शेगडी पेटलेली होती. काकू कागद वाळवत होत्या. कपाट माझ्यासमोर उघडलं नाही."

"ते उघडायची युक्ती ठाऊक आहे तुला?"

"घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मला, काकूंना, पोशाला. सर स्वतः तर लाथ घालायचे." ती किंचित हसली.

"तुझा नमुना कुठाय? तू काढलेला?"

"सरांकडे दिला होता. लिहिलेले कागदही दिले होते. म्हणाले, मी नजर घालून देतो. मग त्यांना ताप आला." गोदानं खडूची बोटं पदराला पुसली. "मग ते राहिलंच. माझ्याकडे माझं कच्चं टिपण होतं, त्यावरून मी निबंध पुन्हा लिहिला. सरांचं छापून आलंय हे मला कर्णिकांच्या आजच्या चिठ्ठीवरून कळलं. आमच्याकडे कुठं येतात ती इंग्रजी मासिकं?"

"त्यात दोन जुलै लिहिलंय. तुझी बारा. सांग मला, हे कसं?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. तिचा जबडा घट्ट झालेला नजेंना दिसला. हा राग होता. आणि चोरी पकडली गेलेल्या माणसाला या जातीचा राग येत नाही, एवढं तीस वर्षांत त्यांना कळलं होतं.

"सर असते तर त्यांच्या तोंडावर बोलले असते," ती म्हणाली. "ते नाहीत. काकूंनी माहेरची आमराई विकलीय, काका. माझ्या तोंडून तुम्ही काही काढू नका."

नजे उठले. दारापर्यंत गेल्यावर तिनं मागून हाक मारली.

"एवढं मात्र बघा. वही सापडली तर माझं काही बिघडत नाही. ती सापडली नाही तरच मी बुडते. मग मी ती कशाला लपवीन?"

४

पोशाला शोधायला कोंडाण्यापर्यंत पायपीट करावी लागली नाही. तो बाजारात, पुलाच्या अलीकडे बसला होता. गोणपाटावर करटुल्यांचा ढीग, त्याच्याशेजारी हिरव्या कवळीच्या जुड्या. त्याची बायको चिंधी त्यांच्यावर पाणी शिंपडत होती. टिपणिसांना वीस वर्षं झाडं दाखवणारा, कड्यावर चढून आणून देणारा हाच.

"फौजदार, या. गुडघा कसा हाय?"

"आहे तसाच आहे. कवळीच्या दोन जुड्या दे." नजेंनी पैसे देत सहज विचारलं, "पूजा झाली वाटतं यंदाची?"

"कवाच झाली. आषाढाचा पयला मंगळवार. त्याबगर वाडीतलं कुनी कवळीला हात लावतंय व्हय? खायची तर नायच, खुडायची बी नाय. भगत पूजा घालनार, मंग बाया रानात जानार."

नजेंना हे ऐकून माहीत होतं. ठाकरवाड्यांत दरसाल चालतं ते. पण आज ते तिथंच उकिडवे बसले, गुडघ्याची पर्वा न करता.

"पोशा, साहेब गेले त्या साली तू त्यांना लेण्यावरची एक बारकी कवळी आणून दिलीस. दगडातली. आठवतं?"

"मी नाय दिली."

"कागदावर तुझं नाव आहे."

"कागदाचं मला काय ठावं? ती दगडातली पन कवळीच. हात लावला की पान मिटतं, ती समदी कवळी. साहेबांनी मागितली असती तरी दिली नसती."

"दोन जुलैची गोष्ट आहे. म्हणजे जून संपलेला. पूजा होऊन गेली असेल की."

पोशा हसला. चिंधीच पुढं झाली. "त्या वर्साला कसली पूजा? त्या वर्साला धोंड्याचा म्हैना आलेला ना. दोन आषाढ. भगत म्हनला, ह्यो पयला आषाढ खोटा, खरा लागू द्या. म्हैनाभर आमी कवळीच्या वाटंनं बगितलं नाय. पोरं भाजीसाठी रडली रं बाबा, ती ध्यानात हाय."

"मग पूजा कधी झाली?"

"दुसऱ्या आषाढात. लई उशिरानं."

नजेंनी कवळीच्या जुड्या उचलल्या. मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि विचारताना त्यांना वाटलं की उत्तर न आलेलं बरं.

"अंबाबाईंना अजून झाडं नेऊन देतोस का? दाबायला?"

"साहेब गेल्यापास्नं एक पान नेलं नाय," पोशा म्हणाला. "कुनासाठी न्यायचं?"

५

दिवेलागणीला अजून तासभर होता. कर्णिक नदीवर फिरायला गेले होते. नजेंनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि स्टूल दाबाशेजारी सरकवलं. अंबाबाई शेगडीपाशीच होत्या.

"वहिनी, तुमच्याकडे जुनी पंचांगं असतील. एकतीस सालचं आहे?"

अंबाबाईंनी कोनाड्यातून काढून दिलं. नजेंना पंचांग वाचता यायचं. कोर्टाच्या तारखांनी शिकवलेली विद्या. त्यांनी पान उलटलं आणि बोट ठेवलं.

"सतरा जूनपासून अधिक आषाढ. खरा आषाढ सोळा जुलैला. त्यातला पहिला मंगळवार एकवीस तारखेचा. म्हणजे एकवीस जुलैपर्यंत वाडीतलं कुणीही कवळीला हात लावत नव्हतं. आणि छापलंय काय, तर दोन जुलैला पोशानं आणून दिली." त्यांनी पंचांग मिटलं. "टिपणिसांना ठाकरांची पूजा माहीत होती. नेहमीचं साल असतं तर जून सरता सरता पूजा उरकलेली असती आणि दोन जुलै कुणाला खटकली नसती. धोंड्याचा महिना ते विसरले. आजारात विसरतो माणूस."

अंबाबाईंनी शेगडीजवळचा एक कागद उलटला.

"तेव्हा ती तारीख खोटी. दोन जुलैला हे झुडूप कुणी आणलंच नाही. बारा जुलैला एका पोरीनं स्वतः खणून काढलं, ठाकरांची नव्हती म्हणून खणू शकली. आता वही कुणी नेली ते पाहू. कर्णिकांना ते दार उघडता येत नाही, आणि वही सरांच्या बाजूनं बोलेल या खात्रीनं ते ती मागत होते. पोशाला वाचता येत नाही, नि तो या घरी येतही नाही. गोदाला तर वही हवीच आहे, तीच तिची साक्ष. वही सापडल्यानं नुकसान एकाचंच, आणि तो माणूस मेलाय. त्याच्या नावाला जपणारी माणसं दोन. एक मी. मी घेतली नाही."

निखारा फुटला. अंबाबाईंनी पदर सावरला.

"तुम्ही सकाळी म्हणालात, कागद बदलावे लागतात," नजे म्हणाले. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की त्यांनाच तो परका वाटला. "पोशानं दोन वर्षांत एक पान आणलेलं नाही. मग या दाबात काय वाळतंय, वहिनी?"

अंबाबाई उठल्या, पाटा दोन्ही हातांनी खाली घेतला आणि दोर सोडू लागल्या. गाठी घट्ट होत्या. नजेंनी मदत केली नाही. ते काम त्यांचं होतं.

टिपकागदांच्या चळतीत मधोमध काळ्या पुठ्ठ्याची वही होती.

"कर्णिकांचं पत्र आलं, म्हणून मी वाचायला काढली," अंबाबाई म्हणाल्या. "एकदा वाचावी म्हटलं, देण्याआधी. माझ्या नवऱ्याची वही, मला कसली भीती?" त्यांनी पान उघडून नजेंच्या हातात दिलं.

टिपणिसांचं अक्षर कापरं झालं होतं. "१२ जुलै. गोदा आज लेण्यावरून एक कवळी घेऊन आली. निराळी आहे. मी वीस वर्षे त्या उतारावरून गेलो, मला दिसली नाही. पोर हुशार आहे." मग पुढच्या महिन्यात: "५ ऑगस्ट. ताप उतरत नाही. यापुढे माझ्या हातून काही होईलसे दिसत नाही. कवळीचे टिपण माझ्या नावाने धाडतो. तारीख २ जुलै घातली. पोशाचे नाव घातले, तो काही विचारणार नाही. गोदाचे आयुष्य पुष्कळ आहे, तिला आणखी सापडतील. हे बरोबर नाही."

नजेंनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. वीस वर्षांचा दोस्त. पटावर हरला तर सरळ हात पुढं करणारा माणूस. त्यांना टिपणिसांचा राग आला आणि मग टिपणीस तिथं नाहीत याचं रडू आलं.

"जाळायची म्हणून शेगडी पेटवली," अंबाबाई म्हणाल्या. "आज तिसरा दिवस. कागद वाळवायचं निमित्त करते नि बसते. हात होत नाही. आणि बाहेरही काढवत नाही. बायकांच्या शिक्षणासाठी निधी, आणि नाव कुणाचं? मी आमराई कशापायी विकली, अबूबकरभाई?"

नजेंनी वही मिटून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "मी एकटाच जाणतो अजून," ते म्हणाले. "उद्या सकाळी काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण पोरीची नोकरी जाऊ देणार नाही मी. तेवढं सांगून ठेवतो."

६

सकाळी दहाला बैठक बसली. गोदाला बोलावणं गेलं होतं. ती कोपऱ्यात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

अंबाबाईंनी वही टेबलावर ठेवली. "मी लपवली होती," त्या कर्णिकांना म्हणाल्या. "वाचा. मोठ्यानं वाचा."

कर्णिकांनी मोठ्या उत्साहानं सुरुवात केली. पाच ऑगस्टवर आल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला आणि शेवटचं वाक्य तर ऐकूच आलं नाही. त्यांनी चष्मा काढला. या माणसाला आपले सर खरोखर प्रिय होते, हे नजेंना तेव्हा कळलं आणि कालच्या नावडीची थोडी लाज वाटली.

"वहिनी, हे घरात राहू दे," कर्णिक म्हणाले. "बाईंचा अर्ज मंजूर करू. माझी पुतणी थांबेल. पण हे बाहेर गेलं तर सरांचं काय राहील?"

"पंचवीस वह्या राहतील," अंबाबाई म्हणाल्या. "त्या त्यांच्या आहेत."

मग त्यांनी मासिकाच्या संपादकांना लिहिलेलं पत्र काढलं. पहाटे उठून लिहिलं असावं, डोळे तसे दिसत होते. वनस्पती गोदा ठोंबरे यांना १२ जुलै १९३१ रोजी मिळाली, माझ्या यजमानांच्या टिपणात दिलेली तारीख व नाव चुकीची आहेत, कृपया दुरुस्ती छापावी. खाली सही. नजेंनी साक्षीदार म्हणून सही केली. कर्णिकांनी लेखणी हातात घेऊन बराच वेळ घालवला, पण अखेर केली.

"आता तू," अंबाबाई गोदाकडे वळल्या. "निधीला त्यांचं नाव आहे. ते बदलायचं असेल तर बदलू. आणि या नावाचे पैसे तुला नको असतील तर मी समजेन. तुला विचारल्याशिवाय आज इथं काही ठरणार नाही."

काल वर्गात आवळून धरलेलं सगळं एकदम सैल झाल्यासारखं गोदानं भिंतीला हात टेकला.

"घेईन मी," ती म्हणाली. "नाव राहू दे. मला पान कसं बघायचं ते सरांनीच शिकवलं, तेही खरंच आहे. फक्त एक अट घाला, काकू. जी बाई या पैशांवर काम करील, तिचं काम तिच्याच नावानं छापलं जाईल."

"लिहा, कर्णिक," अंबाबाई म्हणाल्या, आणि कर्णिकांनी लिहून घेतलं.

काम संपलं होतं. नजेंच्या मोटारीला अवकाश होता, कर्णिकांच्या गाडीलाही. कुणी उठेना. तीन दिवस या घरात जो ताण होता तो गेला होता, पण त्याच्या जागी काय आलं ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. अंबाबाई खुर्ची ओढून गोदाच्या जवळ गेल्या आणि तिला हात धरून समोर बसवलं.

"बारा जुलैचं त्यांनी चार ओळींत आटपलंय," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी माजघरात होते. तू आलीस, चिखलानं माखलेली, आणि मी तुला पाय धू म्हटलं. कुठून आलीस, काय आणलंस, काही विचारलं नाही. आता सांग."

"काय सांगू?"

"पहिल्यापासून सांग. घरून किती वाजता निघालीस?"

गोदानं एकदा नजेंकडे पाहिलं, एकदा कर्णिकांकडे. ते दोघंही ऐकायला बसले होते.

"पाचाला," ती म्हणाली. "आईनं भाकरी बांधून दिली होती."